धुळ्याच्या देवपुरात म्हणे भिंती कमी पडायला लागल्या

ऐकलंत का? वाडीभोकर रोडवरच्या एका घरात 75 इंची टीव्ही आला आणि तो बसवायला चक्क देव्हारा हलवला! देव आता फ्रीजशेजारी. सासूबाईंनी चकार शब्द काढला नाही, कारण मालिका त्यांनाच बघायच्या आहेत. अहो, 75 इंची म्हणजे नुसती रुंदीच जवळजवळ साडेपाच फूट. हॉल दहा बाय बाराचा. समोरच्या सोफ्यावर बसलं की नायिकेच्या नाकातली नथ आधी दिसते, मग नायिका.

यात सरकारचाही हात आहे बरं का. 22 सप्टेंबर 2025, घटस्थापना. इकडे एकवीरादेवीच्या देवळात रांग लागलेली आणि त्याच दिवशी 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. तोवर 32 वर थांबणारा माणूस हिशेबी म्हणून ओळखला जायचा. आता 32 इंची नेताना कुणी दिसला की लोक हळूच विचारतात, ‘‘घरी सगळं ठीक ना?’’

पण खरी खमंग बातमी पुढेच आहे. पुण्या-मुंबईच्या भावाने नवा टीव्ही घेतला की जुना प्लाझ्मा देवपुरातल्या भावाकडे रवाना होतो, आणि हा भाऊ दत्त मंदिर चौकात चहा पिता पिता ऐकवतो, ‘‘प्लाझ्मासारखा काळा रंग तुमच्या एलईडीला जमत नाही!’’ काय हा तोरा! आणि वाईट याचं वाटतं की गृहस्थ बरोबर बोलतो आहे.

प्लाझ्मात दोन काचांमध्ये बारीक बारीक कप्पे असतात. त्यात निऑन आणि झेनॉन वायू. वीज दिली की अतिनील किरण निघतात आणि कप्प्याच्या आतला लेप उजळतो. आपल्या ट्यूबलाइटचंच तंत्र, फक्त लाखोंनी. कप्पा विझला की तिथे काळोख. साध्या एलईडी टीव्हीत मागे दिव्यांचा उजेड असतो, तो पुढचा पडदा अडवतो. अडवून अडवून किती अडवणार? म्हणून रात्रीचा प्रसंग राखाडी दिसतो. क्यूएलईडी असं भारदस्त नाव लावलं तरी मागे दिवे आहेतच. ज्याचा ठिपका न् ठिपका स्वतः उजळतो तो ओएलईडी. प्लाझ्माचा खरा वारस तोच, पण किंमत ऐकून माणूस दुकानातला मोफत चहा पिऊन घरी येतो.

गंमत म्हणजे हा प्लाझ्मा 1964 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जन्मला, तो शिकवण्याच्या संगणकासाठी. कॉलेजांनी भरलेल्या देवपुरात त्याचं म्हातारपण जावं हे एका अर्थी रास्तच. फक्त तो इथे क्रिकेट आणि मालिका शिकवतोय.

आता त्याचे गुण ऐका. वजन पंचवीस-तीस किलो. अर्ध्या विटेची भिंत असेल तर खिळा ठोकण्याआधी गवंड्याला विचारा. वीज अडीचशे-तीनशे वॅट सहज खातो. आणि तापतो! धुळ्याच्या मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हा हे धूड भिंतीवर चालू. एका घरातली आजी म्हणालीच, ‘‘माय वं, हाऊ टीव्ही शे का चुल्हा?’’ त्यात दिवसभर एकच बातम्यांचं चॅनल लावून ठेवलेलं. मग चॅनल बदललं तरी ब्रेकिंग न्यूजची पट्टी पडद्यावर भुतासारखी ठाण मांडून. कीर्तन लावा, खाली ब्रेकिंग! शिवाय 42 इंची जुन्या प्लाझ्मात बऱ्याचदा ठिपके 1024 बाय 768 एवढेच. आजचा फोरके म्हणजे 3840 बाय 2160. तोरा कुणी मिरवावा?

आग्रा रोडच्या दुकानांतही कमी तमाशा नाही. टीव्ही भडक मोडवर लावतात, वर पोपट आणि फुलांचा व्हिडिओ. पोपट कुठल्याही टीव्हीवर हिरवाच दिसणार! आपण घरी पोपट बघतो का? म्हणून पेनड्राइव्हवर आपल्याच घरच्या लग्नाचा रात्रीच्या वरातीचा व्हिडिओ घेऊन जा. मांडवामागचा काळोख काळा दिसतो की राखाडी, ते बघा. मग बाजूच्या खुर्चीवर बसून बघा, कारण जेवताना अर्धं घर टीव्हीच्या बाजूलाच बसलेलं असतं. विजेच्या खपाचं स्टार लेबल वाचा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. पैसे आपले आहेत.

आणि प्लाझ्मा स्वस्तात मिळतोय म्हणून पांझरेच्या पुलावरून रिक्षात घालून आणणार असाल, तर एवढं ऐकून ठेवा: पॅनासॉनिकने 2013 च्या अखेरीस आणि सॅमसंग, एलजीने 2014 मध्ये प्लाझ्मा बनवणं बंद केलं. पॅनल गेलं की नवं मिळत नाही.