विचाराधीन

साताऱ्याच्या शनिवार पेठेत एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. दारावरच्या पाटीवरील नावाने त्यांना कोणी ओळखत नाही, 'अव्वल कारकून' या उपाधीने मात्र सारी पेठ ओळखते. कलेक्टर कचेरीच्या बारनिशीत रुजू होऊन, छत्तीस वर्षे दप्तराच्या रुमालांना गाठी मारण्यात, आणि क्वचित प्रसंगी त्या सोडण्यात, ज्यांचे आयुष्य व्यतीत झाले, त्यांची निवृत्तीनंतर गाठ पडली ती अशा एका कार्यालयाशी, की ज्याचा दरवाजा कोणता, शिपाई कोण आणि साहेब जेवायला केव्हा उठतात, यांपैकी कशाचाही थांग लागण्याची सोय नव्हती.

त्यांच्या धाकट्या भगिनी अमेरिकेच्या नागरिक. थोरल्या बंधूंनी उत्तरायुष्यात आपल्याजवळ येऊन राहावे, या सद्हेतूने त्यांनी २००९ साली तेथील सरकारदरबारी रीतसर दरखास्त गुदरली आणि यथावकाश पोचपावती आली. तीन रोमन अक्षरे आणि त्यांपुढे दहा अंक! एवढा भरदार आवक क्रमांक काकांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. ती पावती प्लॅस्टिकमध्ये मढवून त्यांनी देवघरात कुलदैवताच्या टाकाशेजारी ठेवली, हात जोडले, आणि पहिले स्मरणपत्र लिहावयास घेतले.

वास्तविक विलंबाचे कारण उघड आहे. भावंडांसाठी तेथील कायदा साऱ्या जगास मिळून वर्षाकाठी ६५,००० व्हिसा राखून ठेवतो, कुटुंबाच्या आणि नोकरीच्या एकंदर व्हिसांपैकी ७ टक्क्यांहून अधिक वाटा कोणत्याही एका देशास देत नाही, आणि आपल्या लोकांची भावंडे सात टक्क्यांत मावणारी नव्हेत. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली, याचे पत्रक दरमहा निघते. ते काकांच्या घरी पंचांगाच्याच खिळ्याला टांगलेले असते, आणि त्यातील तारीख पुढे सरकण्याऐवजी एखादे वेळी मागे गेली, तर काका "वक्री झाली" एवढेच म्हणून चहा मागवतात.

धीर सोडणे त्यांच्या गावच्या इतिहासात बसत नाही. १८३९ साली छत्रपती प्रतापसिंहमहाराज पदच्युत झाले, तेव्हा त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते दाद मागण्यास विलायतेस गेले आणि कंपनी सरकारच्या दारी सुमारे चौदा वर्षे तिष्ठत राहिले. मध्यंतरी १८४७त महाराज काशीस निवर्तले, पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले, तरी वकिलांचा तगादा चालूच. "पक्षकार गेला, मिळकत गेली, पण प्रकरण सोडले नाही!" हे सांगताना काकांचा कंठ दाटून येतो. देशभक्तीने की पाठपुराव्याच्या भक्तीने, हे मला अद्याप उमगलेले नाही.

आणि एके दिवशी खरोखरच उत्तर आले. एकच ओळ: आपले प्रकरण विचाराधीन आहे. दुसरा कोणी संतापला असता, काका मोहरले. छत्तीस वर्षे हाच शेरा त्यांनी स्वहस्ते माण-खटावच्या शेतकऱ्यांना पाठविला होता, आणि आपली ही विद्या सातासमुद्रापलीकडे इतक्या निर्दोष स्वरूपात पोहोचलेली पाहून त्यांना एखाद्या घराण्याच्या बुजुर्ग गवयासारखी कृतार्थता वाटली. "माणूस मुरलेला आहे," ते म्हणाले. "होय म्हणत नाही, नाही म्हणत नाही, आणि खाली सही नाही!"

त्यांचे सांगलीचे व्याही मात्र लेखनपरंपरेतले नव्हेत. ते दूरध्वनीचे उपासक. दिवेलागणीला, म्हणजे तिकडे कचेरी उघडण्याच्या सुमारास, विश्रामबागेतल्या आपल्या ओसरीवर ते यंत्र कानाशी लावून बसतात, यांत्रिक बाई सांगेल ते अंक दाबतात आणि मग वाजू लागणारे संगीत ऐकत राहतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले त्या नगरीचे हे रहिवासी. "नांदी उत्तम आहे, पडदा तेवढा उघडत नाही," असा अभिप्राय ते दररोज साताऱ्यास कळवितात.

गेल्या महिन्यात पडदा उघडला. पाऊण तासाच्या नांदीनंतर साक्षात एक जिवंत मनुष्य बोलला आणि त्याने अत्यंत अदबीने पावतीचा क्रमांक विचारला. क्रमांक साताऱ्यास, देवघरात! व्याह्यांनी दुसऱ्या फोनवरून काकांना गाठले. काका सोवळ्यात होते, टाकाला हात लावण्यापूर्वी चष्मा शोधावा लागला, आणि सातव्या अंकाशी, तो एक की सात या वादात, पलीकडचा मनुष्य अंतर्धान पावला.

व्याही हळहळले. काका मुळीच विचलित झाले नाहीत. "तोंडी सांगितले असते तर जावक क्रमांक कुठून आणला असता, व्याहीबुवा?" एवढे विचारून त्यांनी कागद पुढे ओढला आणि वळणदार अक्षरात लिहिले: 'विषय: दूरध्वनी संभाषण खंडित झाल्याबाबत. संदर्भ: आमची स्मरणपत्रे क्रमांक १ ते ३०.'