हरतालिकेचं डोकं

हरतालिकेच्या दुपारी गिरगावातल्या एखाद्या जुन्या चाळीत शिरा. दर तीन-चार खोल्यांमागे एक बाई कपाळाला ओढणी आवळून आडवी झालेली दिसेल. पहाटे आंघोळ झाली, वाळूची पिंडी झाली, पत्री वाहून झाली, कहाणी वाचून झाली आणि बारा वाजता डोकं ठणकायला लागलं. सासूबाई म्हणतात, पित्त उसळलं. शेजारीण म्हणते, हिला उपासच सोसत नाही. नवरा म्हणतो, उद्याच्या तयारीचं टेन्शन घेतलंय. रोज पाच-सहा वेळा चहा घेणाऱ्या या बाईच्या पोटात काल संध्याकाळपासून चहाचा थेंब नाही, एवढी एक गोष्ट कुणाच्या तोंडी येत नाही.

माझी आई अशी पडायची. दरवर्षी. तिचं ते डोकं चतुर्थीच्या पहाटेही उतरायचं नाही आणि पहाटे तर उकड काढायची असायची. डोळे अर्धे मिटून ती मोदकाच्या पाऱ्या करायची. भांडं पडलं की दचकायची, कुणी काही विचारलं की डोळ्यांत पाणी. पूजा, नैवेद्य आटोपला की पहिला चहा. तासाभरात तीच बाई संध्याकाळच्या आरतीसाठी दूर्वा निवडत हसत बसलेली. आम्ही मुलं म्हणायचो, बाप्पा आले आणि आईचं डोकं उतरलं.

आता तिथी सोडा, घड्याळ बघा. कॅफिनची सवय असलेल्या माणसाचं कॅफिन तुटलं की शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत त्रास सुरू होतो, २० ते ५१ तासांच्या दरम्यान तो सर्वांत जास्त असतो आणि दोन ते नऊ दिवस रेंगाळू शकतो. आदल्या संध्याकाळी सातला शेवटचा चहा घेतला असेल, तर हरतालिकेच्या सकाळी सातला बारा तास भरतात. दुपारी तीनला वीस. चतुर्थीच्या पहाटे पाचला, ऐन उकडीच्या वेळी, ३४. वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या स्वयंपाकाला बाई त्रासाच्या ऐन मध्यात उभी असते आणि घर तिला सांगतं, सणासुदीला तोंड पाडू नकोस.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने २०१३ सालच्या आवृत्तीत कॅफिन तुटण्याच्या त्रासाला स्वतंत्र निदानाची जागा दिली. लक्षणं वाचा: डोकेदुखी, थकवा, झापड, चिडचिड, उदासी, लक्ष न लागणं, अंग दुखणं, मळमळ. मळमळ आणि डोकं एकत्र आलं की मराठी घरात त्याचं नाव ठरलेलं आहे. म्हणून पित्ताच्या नावावर इतकं काही खपतं. या यादीत चिंता हा शब्द नाही, हे मुद्दाम सांगते. पण ज्याचा जीव आधीच टांगणीला लागलेला असतो, त्याच्या वाट्याला चिडचिड, उदासी आणि सुचेनासं झालेलं डोकं एकदम आलं तर तो या लक्षणांची नावं वेगवेगळी करत बसत नाही. त्याला एवढंच कळतं, की आपलं काहीतरी बिघडलंय.

हे फक्त आपल्याच उपासाचं नाही. गिरगावातून चालत मोहम्मद अली रोडला जा, रमजानच्या पहिल्या दोन-तीन रोज्यांना तिथेही डोकी धरलेली असतात. ज्यूंच्या योम किप्पूरच्या उपासाची डोकेदुखी तर त्याच नावाने वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहे. देव वेगळे, कप तोच.

शरीरात होतं काय? दिवसभर काम करता करता मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते आपापल्या ठरलेल्या जागांवर बसलं की मेंदूला सुस्ती येते. आता थांब, असा तो निरोप असतो. कॅफिनचा आकार त्याच्याशी इतका मिळताजुळता, की ते आधी जाऊन त्या जागा अडवतं. चर्चगेटला गाडी लागताच खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं. ॲडेनोसिन येतं आणि उभं राहतं. आपल्याला तरतरी वाटते. हे रोज व्हायला लागलं की शरीर आणखी जागा तयार करतं. मग एक दिवस रुमाल पडतच नाहीत, आणि खोळंबलेली गर्दी वाढलेल्या सगळ्या जागांवर एकाच वेळी बसते. कॅफिनने आवळून धरलेल्या मेंदूच्या रक्तवाहिन्या सैलावतात. डोकं ठणकतं, मन खाली बसतं.

यासाठी अट्टल चहाबाज असावं लागत नाही. दिवसाला १०० मिलिग्रॅमची सवयही त्रास द्यायला पुरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत आकडे दिले आहेत: दीडशे मिलिलिटरच्या कपाला चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, उकळत्या पाण्यातून उतरवलेल्या कॉफीत ८० ते १२० आणि दिवसाची मर्यादा ३००. म्हणजे दोन-तीन कप चहा पिणारी गृहिणीही या हिशोबात बसू शकते. माटुंग्याला उडप्याकडे सकाळ-संध्याकाळ एकेक फिल्टर कॉफी घेणारा तर आलाच.

डोकेदुखीच्या गोळीचं वेष्टण उलटं करून बघा. सॅरिडॉनच्या एका गोळीत ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं. एक कप चहाच. चहा चुकलेल्या माणसाने ती घेतली आणि अर्ध्या तासात बरं वाटलं, की घरात ठरतं, याला हीच गोळी लागू पडते. ती पर्समध्ये जाते, मग देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात जाते, आणि कप मोजायचे राहून जातात.

आता दुसरी बाजू, जास्तीची. ती लोअर परळच्या काचेच्या इमारतींत दिसते. गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांत मजल्यामजल्यावर कॉफीचं यंत्र आहे, फुकट आहे, आणि रात्री नऊ वाजता त्याच्यापुढे रांग आहे. माझ्या ओळखीतला एक मुलगा, वय २६, अशाच एका रात्री घाम फुटून, छाती धडधडून, आता मरतो म्हणत इस्पितळात गेला. ईसीजी झाला, रक्त तपासलं, सगळं ठीक. टेन्शन घेऊ नका, असं सांगून घरी पाठवलं. त्याने त्या दिवशी सहा कॉफ्या घेतल्या होत्या. कॉफी किती घेतली, हे त्याला तिथे कुणी विचारलं नाही आणि त्यानेही आपणहून सांगितलं नाही. पुढचा महिनाभर तो धडधडीच्याच भीतीने जगला, आणि भीती घालवायला कॉफी पीत राहिला.

हा घोळ जुना आहे. १९७४ मध्ये जॉन ग्रेडन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने एक निबंध लिहिला. त्यात एक नर्स आहे. चक्कर, थरथर, धाप, अनियमित ठोके. तपासण्या झाल्या आणि चिंतेचा आजार असं निदान झालं. बाईला ते पटलं नाही. तिने आपलं आपण शोधलं, की हे सगळं घरात नवं कॉफीचं भांडं आलं तेव्हापासून सुरू झालंय. त्यातली कॉफी इतकी चांगली होत होती, की ती दिवसाला दहा-बारा कप पीत होती. कॉफी बंद केली, त्रास गेला. तपासणाऱ्यांना जे दिसलं नाही ते तिला स्वयंपाकघरात दिसलं. या घटनेला पन्नास वर्षं उलटली. अजूनही कागदावर रुग्णाचं वजन, रक्तदाब, साखर, तंबाखू, दारू या सगळ्यांना रकाना असतो. चहा-कॉफीला नसतो. तो रकाना हवा. पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, एक ओळ लागते.

कारण धडधड आधी येते आणि कारण आपण मागाहून शोधतो. कॅफिनने ठोके वाढतात, हात थरथरतात, झोप उडते. भीती वाटली की शरीर नेमकं हेच करतं. मन बिचारं आतला निरोप वाचतं आणि बाहेर कारण हुडकायला निघतं: साहेब, हप्ता, मुलीची दहावी. ज्यांना घबराटीच्या झटक्यांचा आजार आहे, त्यांना साधारण पाच कप कॉफीइतकं कॅफिन देऊन झालेले प्रयोग एकत्र मांडले, तेव्हा निम्म्यांना झटका आला. त्याच आजाराच्या लोकांना कॅफिन नसलेलं काही दिलं, तेव्हा कुणालाच नाही. अशा माणसाला घरी चहाचा आग्रह करू नका. अर्धा घ्या, कटिंग तरी घ्या, आमच्याकडचा चहा घेतल्याशिवाय जायचं नाही, हे प्रेम त्याला महाग पडतं.

सिगरेट सोडणाऱ्यांची गोष्ट तर कुणी सांगतच नाही. धूम्रपान करणाऱ्याचं यकृत कॅफिनचा निचरा जवळजवळ दुप्पट वेगाने करतं. टपरीवर सिगरेट सोडली आणि चहा तेवढाच ठेवला, तर थोड्याच दिवसांत रक्तातलं कॅफिन दुपटीला जातं. माणूस थरथरतो, झोपत नाही, आणि म्हणतो, सिगरेटशिवाय आपलं जमत नाही बुवा. पुन्हा पेटवतो. चहा निम्म्यावर आणला असता तर कदाचित सुटली असती. गरोदर बाईचं उलटं. साधारण पाच तासांत निम्मं उतरणारं कॅफिन तिच्या शेवटच्या महिन्यांत पंधरा तासांपर्यंत रेंगाळतं. तिची मर्यादा २०० मिलिग्रॅम, आणि तिच्या छातीतल्या धडधडीला 'पहिलटकरीण आहे, घाबरते' म्हणणारे आपण.

आणि परळच्या इस्पितळांत शस्त्रक्रियेसाठी भरती होणारे? रात्रीपासून उपाशी, सकाळी दहाचा नंबर दुपारी लागतो, शुद्धीवर येतात ते डोकं धरूनच. भुलीमुळे झालं, असं नातेवाईक म्हणतात. यातल्या बऱ्याच डोकेदुख्या चुकलेल्या चहाच्या असतात हे १९९० च्या दशकातच अभ्यासांत दिसलं. बिनदुधाचा कोरा चहा किंवा काळी कॉफी शस्त्रक्रियेआधी दोन तासांपर्यंत चालते, असं भूलशास्त्राचे नियम सांगतात. दुधाचा नाही चालत. तुमच्या भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी स्पष्ट विचारा. विचारायला लाजू नका.

चहा आपल्याकडे आपोआप रुजला असं समजू नका. तो विकायला १९०३ साली चहावर उपकराचा कायदा झाला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखाने, खाणी, कापडगिरण्या यांच्यात चहाची दुकानं मांडली गेली, कामगाराला चहाची सुट्टी मिळाली. थकलेल्या माणसाला झोप हवी होती, त्याच्या हातात कप दिला. लालबाग-परळच्या गिरण्या गेल्या, १९८२ च्या संपाने माणसं देशोधडीला लागली, भोंगे थांबले, टपरी राहिली. आज तिच्याशेजारी एनर्जी ड्रिंकच्या थंड बाटल्या असतात. अशा पेयांत लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन घालायला परवानगी आहे, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत ७५. बाटलीवर मुलांसाठी नाही असं छापलेलं असतं, बारीक अक्षरात. शाळा सुटल्यावर ती घेणारी पोरं मी रोज बघते. वीस-पंचवीस रुपयांना मिळणारी झोपमोड आहे ती. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन बाटल्या पिऊन सकाळी ज्याचे हात थरथरतात त्या मुलाला आपण अभ्यास कमी पडल्याचं ऐकवतो.

माझं म्हणणं चहा सोडा असं नाही. एकदम तर मुळीच सोडू नका. काल सहा, आज शून्य, असा निश्चय केलेला माणूस तिसऱ्या दिवशी घरच्यांवर ओरडतो आणि चौथ्या दिवशी टपरीवर असतो. हळूहळू एक-दोन कप कमी करत जा, कप लहान करा, दुपारी तीननंतरचा आधी काढा. आणि सगळी चिंता चहाच्या माथी मारू नका. चहा उतरवूनही काळजी उतरत नसेल, तर ती खरी काळजी आहे, तिला डॉक्टर लागतो. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. छातीतली कळ तर चहाची समजून घरी बसूच नये.

निर्जळ हरतालिका करणाऱ्यांना एक सांगते. दहीहंडी फुटली की कमी करायला लागा. आठ-दहा दिवस मिळतात.

आईला मी हे गेल्या वर्षी सांगितलं. ती आता निर्जळ करत नाही, पण चहा मात्र त्या दिवशी वर्ज्यच ठेवते, व्रत तिचं आहे. कालनिर्णयवर ती रोज दुधाचा हिशोब लिहिते, त्याच चौकोनात पेन्सिलने चहाच्या रेघा ओढायला लागली. पहिल्या दिवशी सात झाल्या. तिचा विश्वास बसेना, तिने पुन्हा मोजल्या. मग पाच, चार, तीन, दोन. हरतालिकेच्या दुपारी साडेतीनला तिचा फोन आला. मी घाईने उचलला, तर ती विचारत होती की उकडीसाठी पीठ दादरहून आणतेस का, इथलं यंदा जाडसर आलंय.