समुद्र शंभर किलोमीटर, सुरमई त्याहून लांब

नवापूरच्या रेल्वे स्थानकातून दोन राज्यांची हद्द जाते. एकाच फलाटावर माणूस महाराष्ट्रात बसून पाय गुजरातेत पसरू शकतो. अशा गावाला समुद्र दूर कसा वाटणार? पश्चिमेला गाडी काढली की शंभरेक किलोमीटरवर सुरत, पुढे डुमसचा काळ्या वाळूचा किनारा. मासे खायचे ठरवून निघालेलं कुटुंब तिथे पोचतं आणि डुमसच्या सर्वांत नामांकित पदार्थासमोर रांग लावतं: टोमॅटोची भजी!

मग पुढच्या सुट्टीत कोकण. त्यातही बहुतेकांची सुट्टी पावसाळ्यात सापडते, आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. तरी खानावळीच्या फळ्यावर ‘ताजी सुरमई’ असतेच. ताजी म्हणजे बर्फातून ताजी काढलेली. पापलेटला 2023 मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला. ताटातल्या तुकड्याचा आकार पाहता राजेशाही फक्त दरात उतरली असावी. फोटो मात्र आधी ताटाचा, मग उरलाच वेळ तर समुद्राचा.

इकडे घराजवळ उकाई धरणाचा फुगवटा पसरला आहे. 1972 साली तापीवर ते धरण उभं राहिलं आणि नवापूर तालुक्यातल्याही जमिनी पाण्याखाली गेल्या. त्या पाण्यात आता रोहू, कटला मिळतात. आदिवासी मच्छीमार पहाटे जाळी ओढतात, मासे दिवस चढायच्या आत बाजारात येतात. पण ‘उकाईची सहल’ असं सांगून शेजाऱ्यांवर छाप कशी पडणार? त्यासाठी मालवणच हवं, येताना कोकमाच्या बाटलीसकट.