फक्त पोटाचा ठेका

‘हातपाय तं काड्या हायेत भाऊ, ढेरी तेवढी घालवा लागते.’ अमरावती असो की अकोला, जिमची फी भरताना पहिले वाक्य हेच असते. आणि समोरून, दारावरच्या पाटीवरूनही, उत्तर ठरलेले असते : ‘दोन महिन्यांत सपाट करून देतो.’

हे उत्तर खोटे आहे. देणाऱ्याला ते खोटे आहे हे ठाऊक असेल तर ती फसवणूक आहे, ठाऊक नसेल तर अज्ञान आहे. दोन्ही प्रकारांत पैसे गिऱ्हाइकाचेच जातात.

शरीराच्या एकाच भागावरची चरबी व्यायामाने वेचून काढता येत नाही. पोटाचे व्यायाम केले म्हणून पोटाचीच चरबी जाते असे होत नाही. दंडाचे केले म्हणून दंडाची जात नाही, मांड्यांचे केले म्हणून मांड्यांची जात नाही. लग्नसराईच्या तोंडावर दोन्ही शहरांत याच तीन जागांचा धंदा सर्वांत तेजीत असतो, म्हणून हे एकदा स्पष्ट सांगायला हवे.

चरबी स्नायूच्या शेजारी असली तरी ती त्या स्नायूच्या मालकीची नसते. शरीराला इंधन लागले की अ‍ॅड्रिनलिनसारखी संप्रेरके रक्तातून सगळीकडे फिरतात आणि चरबीच्या पेशींना साठा मोकळा करायला लावतात. पेशीतल्या चरबीचे तुकडे होऊन मेदाम्ले बनतात, ती रक्तात उतरतात आणि रक्ताबरोबर अंगभर फिरतात. वऱ्हाडातला कापूस शेतातून थेट शेजारच्या घरातल्या गादीत जात नाही. तो बाजारात जातो, जिनिंगमध्ये जातो आणि मग कुठल्या गावच्या अंगरख्याला लागला ते शेतकऱ्यालाही कळत नाही. चरबीचा प्रवास तसाच आहे. तुम्ही सिट-अप्स काढता तेव्हा पोटाचा स्नायू पाठीवरची, मांडीवरची, कुठलीही चरबी वापरत असतो.

कुठला साठा आधी उघडायचा आणि कुठला शेवटी, हे वय, लिंग, संप्रेरके आणि आईबापांकडून आलेली ठेवण ठरवते. पुरुषांचा साठा बहुधा पोटावर. बायकांचा तारुण्यात नितंबांवर आणि मांड्यांवर, पाळी गेल्यानंतर पोटाकडे. मांडीवरच्या चरबीच्या पेशी साठा सोडायला मुळातच चिवट असतात. या व्यवस्थेत ट्रेनरचा शब्द चालत नाही.

हे कोणाचे मत नाही, मोजून पाहिलेले आहे. १९७१ साली अमेरिकेत मुरलेल्या टेनिसपटूंचे दोन्ही हात तपासले गेले. वर्षानुवर्षे एकाच हाताने खेळणारी ही माणसे. खेळणाऱ्या हाताचा स्नायू मोठा निघाला, पण कातडीखालच्या चरबीची जाडी दोन्ही हातांत सारखी होती. १९८४ साली तेरा पुरुषांकडून सत्तावीस दिवसांत प्रत्येकी पाच हजारांवर सिट-अप्स काढून घेतल्या आणि पोट, पाठ, नितंब अशा तीन जागांची चरबी सुईने काढून पाहिली. चरबीच्या पेशी तिन्ही जागी सारख्याच आक्रसल्या होत्या. २०११ च्या एका प्रयोगात सहा आठवडे पोटाचे सात प्रकारचे व्यायाम झाले. पोटाचे स्नायू दमदार झाले, चरबी जागची हलली नाही. २०१३ मध्ये तर बारा आठवडे एकाच पायाला राबवले. चरबी उतरली ती कमरेच्या वरच्या अंगावरून, आणि राबलेला पाय होता तसाच राहिला.

उलट बाजूही सांगतो. व्यायाम चालू असताना राबणाऱ्या स्नायूला लागून असलेली चरबी थोडी जास्त विरघळते, हे २००७ च्या एका अभ्यासात दिसले. २०२३ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी सोळा पुरुषांवर दहा आठवडे प्रयोग करून सांगितले, की पोटाला ताण देणाऱ्या दीर्घ दमाच्या व्यायामाने धडावरची चरबी सुमारे सातशे ग्रॅम उतरली. माणसे सोळाच आहेत, त्यामुळे या निष्कर्षाला अजून पुष्कळ दुजोरा लागेल. आणि तो उद्या पक्का ठरला, तरी दहा आठवडे घाम गाळून सातशे ग्रॅम एवढाच तो हिशेब आहे. ‘दोन महिन्यांत सपाट’ या पाटीला त्यातून आधार मिळत नाही.

आता पट्ट्याचे पाहू. कमरेला रबरी पट्टा आवळून घाम काढायचा, तासाभराने काट्यावर उभे राहायचे आणि अर्धा किलो उतरले म्हणून खूश व्हायचे. उतरले ते पाणी. दोन तांबे पाणी प्यायले की काटा जागेवर येतो. चरबी घामातून निघतच नाही. ती जळते तेव्हा तिचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. २०१४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात याचा हिशेब मांडला गेला : दहा किलो चरबी जळाली तर त्यातली ८.४ किलो श्वासावाटे हवेत जाते आणि १.६ किलोचे पाणी होते. म्हणजे चरबी मुख्यतः नाकातोंडातून जाते, आणि ती जास्त जळावी यासाठी अंग राबावे लागते. पट्ट्याने अंग राबत नाही, कातडी तेवढी उबते. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वरही जातो. त्या उन्हाळ्यात प्लास्टिकचे जॅकेट घालून पोरांना पळवणाऱ्या माणसाच्या हाती कोणाचेही शरीर देऊ नका. उष्माघात चरबी बघून येत नाही.

तेल चोळून पोट विरघळत नाही. कंप देणाऱ्या यंत्रावर उभे राहून विरघळत नाही. रिकाम्यापोटी कोमट पाण्यात लिंबू पिळूनही पोटाची चरबी ठरवून जात नाही. लिंबूपाणी आवडत असेल तर खुशाल प्या.

‘मग शस्त्रक्रियेने काढून टाकू,’ असे म्हणणारेही आहेत. एका जागेची चरबी त्या मार्गाने खरोखर काढता येते, हे मान्य. पण २००४ साली पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरून नऊ-दहा किलो चरबी शोषून काढली आणि दहा-बारा आठवड्यांनी रक्त तपासले. इन्सुलिनचे काम सुधारले नव्हते, रक्तदाब उतरला नव्हता, कोलेस्टेरॉल जागेवर होते. कारण काढली ती कातडीखालची चरबी. आतड्याभोवती आणि यकृताजवळ बसलेली, मधुमेह आणि हृदयरोगाला आमंत्रण देणारी चरबी शोषणाऱ्या नळीच्या हाती लागत नाही. २०११ च्या दुसऱ्या अभ्यासात मांड्यांवरून काढलेली चरबी वर्षभरात परत आली, आणि ती मुख्यतः पोटावर येऊन बसली.

इतके सांगून झाल्यावर ‘पोटाची काळजी सोडा’ असे मी म्हणणार नाही. पोटाची काळजी आपल्या लोकांनी इतरांपेक्षा जास्त करायला हवी, आणि हे शिकवले ते महाराष्ट्रानेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन हुबेहूब सारखे, बीएमआय २२.३. चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळे हडकुळी होती, स्नायू कमी होते, पण पाठीवरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. काड्यांसारखे हातपाय आणि पुढे आलेले पोट ही ठेवण आळसाने आली असे समजून कोणाला हिणवायचे कारण नाही. तिची मुळे आईच्या पोटात आहेत, आईच्या ताटात आहेत.

म्हणून मोजायचेच तर टेप घ्या. शेवटची बरगडी हाताने चाचपा, खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा, दोन्हींच्या बरोबर मध्ये कातडीवर टेप फिरवा. बेंबीवर नाही आणि पँटच्या पट्ट्यावर तर नाहीच. श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका, टेप आवळू नका. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही भारतीयांची धोक्याची रेघ आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ दरम्यान, देशभर कमरा मोजल्या गेल्या. सुमारे ४० टक्के बायका आणि १२ टक्के पुरुषांचे पोट प्रमाणाबाहेर सुटलेले निघाले.

बायकांचा आकडा तिपटीहून मोठा आहे. याचे कारण मला त्यांच्या दिवसात दिसते. पुरुष तलावावर फिरायला जातो, बाई डबे भरते. संध्याकाळी तो मित्रांबरोबर बाहेर पडतो, ती स्वयंपाकाला लागते. घरकाम म्हणजे व्यायाम असे सांगून तिची बोळवण होते. घरकामाने दमायला होते, पण सलग अर्धा तास धाप लागेल असे तिला कोणी करू देत नाही. आणि मग तिलाच म्हणायचे, ‘काय व, पोट किती सुटलं तुह्यं!’ हे म्हणणाऱ्यांनी आधी तिचा एक तास मोकळा करून द्यावा. उद्यापासून द्यावा.

त्या तासात काय करायचे? सगळ्या अंगाने करायचे. दमदार चालणे, सायकल, पोहणे, दोरीवरच्या उड्या. आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, जोर, वजने, म्हणजे मांड्या, पाठ, छाती असे मोठे स्नायू राबतील. पोटाचे व्यायामही जरूर करा. त्याने पोटाचे स्नायू बळकट होतात, पाठीला आधार मिळतो. चरबीसाठी मात्र त्यांच्या भरवशावर राहू नका. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. ती फोडायची तर व्यायामाइतकेच ताटाकडे लक्ष हवे : भाजी-डाळ वाढवायची, आलूबोंडा आणि कचोरी रोजची नाही, चहातली साखर कमी. ज्वारीची भाकर वऱ्हाडाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तीही भुकेपुरतीच.

आणि चांगली बातमी हीच आहे, जी पाटीवर कोणी लिहीत नाही. सगळ्या अंगाने घाम गाळला की आतड्याभोवतीची घातक चरबी लवकर हलते. वजनाचा काटा फारसा उतरला नसतानाही ती कमी झालेली आढळते. ज्या पोटासाठी लोक जिममध्ये येतात ते पोट उतरते, पण साऱ्या शरीराबरोबर उतरते.

हे अमरावतीला नव्याने सांगावे लागते याचे मला वाईट वाटते. १९१४ साली वैद्य बंधूंनी याच शहरात हनुमान आखाडा उभा केला, तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळ आणि व्यायाम करून दाखवले. मल्लखांबावर चढणारे पोर नीट पाहा. कसरत दसरंग असो, बगली असो की वेल, खांबावर एरंडेल चोळलेले असते आणि एक अवयव ढिला पडला की पोर खाली येते. पायाची बोटे खांब धरतात, मांड्या आवळतात, पोट ताठ राहते, खांदे ओढतात. तिथे पोटाचा वेगळा वर्ग नसतो. ज्या शहराला शंभर वर्षे अख्ख्या शरीराचे शिक्षण मिळाले, त्या शहरात ‘फक्त पोट’ विकले जाते आणि आपण ते विकत घेतो.

विकणाऱ्यांना कायदाही ठाऊक असावा. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याच्या यादीत स्थूलता आहे. लठ्ठपणा घालवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे हा गुन्हा आहे, मग ते चूर्ण असो की चोळायचे तेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि जाहिरातीत झळकणारा चेहराही त्यातून सुटत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. फसलेल्यांनी लाजून गप्प बसू नये. पैसे लाजेने परत येत नाहीत, तक्रारीने कधीकधी येतात.

जिमचालकांना माझे एकच सांगणे आहे. तुमच्यातले पुष्कळ जण पहाटे पाचला दार उघडतात, पोरांना व्यसनापासून दूर ठेवतात. ते काम मोलाचे आहे. म्हणूनच ‘दोन महिन्यांत सपाट’ची ती पाटी काढा. तिच्या जागी लिहा : ‘येथे पूर्ण शरीराचा व्यायाम शिकवला जातो. कंबर दर महिन्याला मोजून दिली जाईल.’ सुरुवातीला गिऱ्हाईक थोडे कमी येईल. जे येईल ते दोन महिन्यांनी निराश होऊन जाणार नाही.