चातुर्मास पाळणारा कांदा

"आई, यंदा लीक लावतोय," मी फोनवर सांगितलं.

"लावतोस कसला? झालं असेल तर प्लंबरला बोलाव."

तिचं काही चुकलं नव्हतं. मराठीत नळ लीक होतो, गच्ची लीक होते, परीक्षेचा पेपर तर नेमाने होतो. लीक उगवतो हे तिने कधी ऐकलं नव्हतं. आणि मी राहतो वेल्समध्ये, कार्डिफला. इथे लीक न ओळखणारा माणूस म्हणजे नाशकात द्राक्ष न ओळखणारा.

लीक हा कांदा-लसणाचा चुलतभाऊ. खाली गड्डा धरत नाही. सगळं वैभव दांड्यात: मनगटाएवढा, पांढराशुभ्र, आणि वर पंख्यासारखी निळसर हिरवी पात. आपल्या पातीच्या कांद्याने तालमीत जाऊन दोन वर्षं जोर काढले तर तो असा दिसेल.

त्याला जमीन लागते. ती मला चार वर्षं यादीत राहून मिळाली. इथल्या कौन्सिलांनी लोकांना भाजीपाल्यासाठी जागा भाड्याने द्यावी, असा १९०८ चा कायदा आहे. पूर्ण तुकडा दहा रॉडचा. रॉड म्हणजे किती, हे शोधत बसलो तेव्हा कळलं की एकरात गुंठे ४० आणि रॉड १६०. म्हणजे दहा रॉड बरोबर अडीच गुंठे. मी हरखून आईला सांगितलं. "अडीच गुंठ्यांसाठी साहेबाच्या देशात गेलास?" ती म्हणाली. "एवढी तर आपल्या भावकीत बांध कोरण्यात जाते."

पहिल्या वर्षी मी कांद्यासारखीच रोपं लावली. वरच्यावर, मुळाशी माती घट्ट दाबून. हाती आल्या हिरव्या, चिवट काड्या. बांधापलीकडचे म्हातारबुवा वर्षभर ते बघत होते. ऱ्हॉन्डाच्या खोऱ्यात कोळशाच्या खाणीत आयुष्य गेलेला माणूस. जमिनीच्या वर काय चाललंय यापेक्षा खाली काय चाललंय यावर त्यांचा जास्त विश्वास. पुढच्या वर्षी ते फावड्याचा मोडका दांडा घेऊन आले.

मार्चमध्ये पेरलेली रोपं जून-जुलैत पेन्सिलीएवढी जाड होतात. तेव्हा दांड्याने सहा इंच खोल भोक पाडायचं, दुसरं त्यापासून वीतभर अंतरावर. रोपांच्या मुळ्या नि शेंडे कातरायचे (मी याला जावळ म्हणतो) आणि एकेक रोप भोकात सोडायचं. मी सवयीने माती लोटायला हात पुढे केला, तर त्यांनी दांड्याने हात अडवला. खड्डा बुजवायचा नाही! फक्त पाणी ओतायचं. मुळांपुरती माती पाण्याबरोबर खाली जाते. बाकीचा खड्डा पावसापाण्याने आपोआप, सावकाश भरतो. तोवर दांड्याला जाड व्हायला ऐसपैस जागा मिळते, आणि ऊन लागत नाही म्हणून तो पांढरा नि कोवळा राहतो. पुढे उंची वाढेल तशी मातीची भर देत जायची.

मला एकदम गावची आठवण आली. आमची नगरपालिका रस्त्यावरच्या खड्ड्यांना हीच पद्धत वापरते. आम्ही उगीच अर्ज करत होतो.

त्या वर्षी आई जूनमध्ये सहा महिन्यांसाठी आली. कांदेनवमीला तिने घरातला शेवटचा कांदा भज्यांत घातला आणि चातुर्मासासाठी कांदा-लसणाची टोपली माळ्यावर चढवली. नेमकी त्याच आठवड्यात लीकची लावणी होती. मोडकी खुर्ची टाकून ती वाफ्याशी बसली, माझी खड्डे न बुजवण्याची तपश्चर्या पाहत.

"हा कांदाच ना?"

"कांद्याच्या कुळातला."

"मग चंपाषष्ठीनंतर."

"आई, तो तयारच तेव्हा होतो."

ती थोडा वेळ रांगेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शहाणा आहे. आषाढीला खड्ड्यात जाऊन बसतो, थंडीत बाहेर येतो. आपणहून चातुर्मास पाळणारा कांदा मी पहिल्यांदाच बघतेय."

तेव्हापासून लीक तिच्या देखरेखीखाली गेला. पतंग आणि माशी यांनी अंडी घालू नयेत म्हणून रांगेवर बारीक जाळी ताणलेली असते. तिला ती मच्छरदाणी वाटली आणि पसंत पडली. रात्री गोगलगाई येत. त्या ती सकाळी चिमट्याने उचलून बांधापलीकडे ठेवी, म्हणजे म्हातारबुवांकडे. सप्टेंबरात पातीवर नारिंगी ठिपके दिसले. मी पुस्तक शोधत असताना तिने लांबूनच सांगितलं, "तांबेरा आहे. दाटी कर, वर नत्र भरपूर घाल, की येणारच." खराब पाती काढल्या, हवा थंड झाली, नवी पात स्वच्छ आली.

म्हातारबुवा आणि आई यांची भाषा जुळत नव्हती, बोलणं मात्र अखंड चाले. त्यांनी तिला सांगितलं की लीक हे वेल्सचं राष्ट्रचिन्ह आहे. लढाईत आपली माणसं ओळखू यावीत म्हणून संत डेव्हिडनी सैनिकांना तो टोपीत खोचायला लावला, अशी दंतकथा. १९८५ च्या एक पौंडाच्या नाण्यावरही तो होता. मी भाषांतर केल्यावर आई म्हणाली, "बरंय. आमच्याकडे कांद्याने सरकारं हादरतात, तुमच्याकडे तो नाण्यावर." मग त्यांनी ईशान्य इंग्लंडातल्या खाणकामगारांची चेष्टा केली. तिथे लीकच्या स्पर्धा भरतात. आखूड, पिंपासारखे लीक घनइंचांत मोजतात, आणि कोणी रात्री येऊन कापून टाकू नयेत म्हणून वाफ्यावर पहारा ठेवतात. "असल्या फुगवलेल्याची भाजी पांचट होते," आई म्हणाली. म्हातारबुवांनी टोपी काढून तिला मुजरा केला.

लीकचा मोठा गुण म्हणजे त्याला कोठार लागत नाही. दंव पडलं, पाला पांढरा झाला, तरी तो जमिनीत ताठ उभा राहतो. लागेल तेव्हा, लागेल तेवढा काढायचा. चंपाषष्ठीला पहाटे मी काट्याने माती उचकटून पहिला लीक उपसला. आईने तो उभा चिरला आणि नळाखाली धरला. पातीच्या घडीघडीतून माती निघत होती. "पंढरीहून चालत आल्यासारखा," ती म्हणाली.

नैवेद्याला वांग्याचं भरीत, रोडगा, लसूण आणि पातीचा कांदा हवा. पातीच्या जागी लीक ठेवताना मी जरा घुटमळलो.

"खंडोबाला चालेल?"

"त्याने बाणाईशी लग्न करताना जात विचारली नाही. कांद्याची कशाला विचारेल?"

उरलेल्याची पीठ पेरून भाजी झाली. डबा पलीकडे गेला, दुसऱ्या दिवशी चाटूनपुसून परत आला.

डिसेंबरात आई गेली. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न: "किती उरलेत?"

"अकरा."

"पुरवून खा."

एक मार्चला, संत डेव्हिडच्या दिवशी, एकच उरला होता. म्हातारबुवा म्हणाले, आज तो कोटाला लावायचा असतो. आई म्हणाली, झुणका कर.

मी दोघांचंही ऐकलं. पात कोटाला, दांडा कढईत.