२३ किलोंची माया

जालन्यातली पोरं बियाणं आणि सळई सोडून सॉफ्टवेअरकडे वळली, तेव्हापासून शहरात एक नवी जमात तयार झाली आहे: ‘लेकाकडं जाऊन आलेले’. सहा महिने डॅलसला नातू सांभाळायचा, भांड्यांच्या मशिनला शिव्या द्यायच्या आणि मुक्कामाची मुदत संपायच्या आत जड अंतःकरणानं जड बॅगा भरायच्या. माणशी दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. मायेचं वजन विमान कंपन्यांनी असं एकदाचं ठरवून टाकलं, हे बरं झालं.

जाताना मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. येताना कॅलिफोर्नियाचे बदाम. हेच बदाम आपल्या बाजारात, त्याच कॅलिफोर्नियातून येऊन, निमूट बसलेले असतात. पण त्यांना ‘तिकडून आणलेत’ म्हणता येत नाही ना.

मुंबईत उतरलं की खरा परदेश. डिसेंबर २०२३ मध्ये जालन्याला वंदे भारत मिळाली, पुढं ती नांदेडपर्यंत वाढली. पण लेक परस्पर तिकडूनच टॅक्सी ठरवतो: समृद्धी महामार्गानं सरळ जालना. अण्णा वाटभर ड्रायव्हरला सांगतात, ‘‘तिकडं कुणी हॉर्न वाजवत नाही.’’ ड्रायव्हर हॉर्न वाजवून दाद देतो.

घरी पोचल्यावर शेजारीण विचारते, ‘‘काकू, कशी आहे अमेरिका?’’ काकूंचं लक्ष टाकीकडं.

‘‘ते सांगते मग. आधी सांग, नळाला पाणी कधी आलं होतं?’’