लाइन बघणारे अण्णा

विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला मुंबईसारख्या शहरांत लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरच्या करकंबला ते यायला आणखी काही वर्षं गेली. आलं, आणि त्याच्या मागोमाग अण्णा आले. असा एक अण्णा त्या काळी गावोगावी होता म्हणा.

मोडेम रुसला की अण्णांना सांगावा जाई. ते कॉम्प्युटरकडे ढुंकूनही बघत नसत. आधी फोनचा रिसीव्हर कानाला लावून डोळे मिटायचे. "खरखर हाय. जॉइंटात पाणी गेलंय." मग नंबर फिरवायचा. भजनात पेटी उतरली की बुवांच्या कपाळाला आठी पडते, तशी मोडेमच्या शिट्टीत बारीक फरक पडला की अण्णांच्या पडे.

"घरात दुसरा फोन हाय?"

"आहे की, माजघरात."

"मग आजींना इचारा, आत्ता कुणी उचलला?"

निम्मे आजार इथंच बरे होत.

'नो डायलटोन' हा त्यांचा आवडता रोग. रिसीव्हर उचलावा तर टोन खणखणीत, आणि मोडेम म्हणतो टोनच नाही. मालक एक्स्चेंजच्या नावानं सुरू होई. अण्णा त्याला हातानंच थांबवीत आणि जादा सेटिंगच्या रकान्यात 'एक्स३' टाकीत. बाहेरच्या बनावटीच्या मोडेमला आपल्याकडचा टोन ओळखू येत नसे, एवढंच. "त्येला सांगितलं, टोनची वाट बघू नगंस. सरळ फिरव."

पण त्यांची खरी कमाई म्हणजे लॉगिन स्क्रिप्ट. पलीकडून 'लॉगिन' असा शब्द आला की आपलं नाव पाठवायचं. तो शब्द मोठ्या 'एल'नं येईल की छोट्या, याचा भरवसा नाही, आणि स्क्रिप्ट तर अक्षराला अक्षर जुळल्याशिवाय हलत नाही. अण्णा पहिलं अक्षरच उडवीत आणि नुसत्या 'ऑगिन'ची वाट बघायला लावीत. ही युक्ती सांगताना ते आवाज खाली आणत. शेजारी ऐकून ती कोण चोरणार होतं, देव जाणे.

पैसे घेत नसत. चहा घेत, आणि वळवाच्या पावसात मोडेम का जळतो ते सांगत: लोक विजेचा प्लग काढतात, फोनची वायर तशीच ठेवतात.

एक मात्र होतं. नेटवर जाऊन बघायचं काय, याचं त्यांना काही सोयरसुतक नव्हतं. जोडलं की त्यांचं काम संपलं.

बारावीच्या निकालाचा दिवस. ओसरीपर्यंत गर्दी, वीज कधी जाईल नेम नाही. कित्येकदा 'नो कॅरिअर' ऐकवून शेवटी लाइन लागली. पोरीनं बैठक क्रमांक टाकला, पान हळूहळू उघडायला लागलं.

"लागलं न्हवं?" अण्णा म्हणाले.

"लागलं, लागलं!"

"थांबा, परत लागतंय का बघू," म्हणून अण्णांनी लाइन तोडली.